तुलनेसाठी ठेवलेला जिना

कठड्यासाठी केलेल्या बाराव्या अर्जाचं उत्तर पालिकेने कागदावर पाठवलं नाही. ते दोन पायांवर चालत आलं, गळ्यात ओळखपत्र आणि पाठीवर लॅपटॉपची पिशवी अडकवून, आणि वस्तीच्या सामूहिक स्वयंपाकघराच्या दारात धापा टाकत उभं राहिलं.

"नमस्कार. मी फाब्रिसियो. पालिकेच्या पुरावा कक्षाकडून आलोय."

स्वयंपाकघराची अध्यक्ष होनोराता भोपळा चिरत होती. तिने मान वर केली. "या इंजिनियर, बसा. जेवलात का?"

"मी इंजिनियर नाही. समाजशास्त्रज्ञ आहे."

"असू द्या. सूप घेणार ना?"

लिमाच्या टेकड्यांवर हातात कागद घेऊन जो कोणी येतो तो इंजिनियरच असतो. मग तो पाण्याचं मीटर बघायला आलेला असो, नाहीतर देवाचं पुस्तक विकायला. फाब्रिसियोने आणखी दोनदा दुरुस्ती करून पाहिली आणि सूप समोर आल्यावर नाद सोडला.

होनोराताचा अर्ज साधा होता. टेकडीवर चढायला दोन जिने, एक पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा. कठडा एकालाही नाही. पश्चिमेच्या जिन्याला एकशे चोपन्न पायऱ्या, आणि त्याच्या माथ्यावरच्या घरात एक्क्याऐंशी वर्षांचे सातुर्निनोकाका राहतात. हा जिना बांधताना तीस वर्षांपूर्वी सिमेंट कालवणाऱ्यांत तेही होते. गेल्या ऑगस्टमध्ये पावसाच्या भुरभुरीने निसरड्या झालेल्या शहाण्णवाव्या पायरीवर ते घसरले आणि तेव्हापासून खाली उतरले नाहीत. रोज दुपारी होनोराता त्यांचा डबा घेऊन वर जाते. तिच्या गुडघ्यांचं काय होतं ते तिलाच ठाऊक, पण तिला बोचत होतं वेगळंच. स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळच्या ज्या खुर्चीत बसून हा माणूस सगळ्यांच्या खोड्या काढायचा, ती खुर्ची आठ महिने रिकामी होती. आणि वर तो एकटा भिंतीकडे तोंड करून जेवायचा, अर्धं टाकायचा.

"म्हणून कठडा हवाय," ती म्हणाली. "एका बाजूला, पाइपचा. रंग नसला तरी चालेल."

"समजलं," फाब्रिसियो म्हणाला. "पण आता धोरण बदललंय. पूर्वी कोणी काही मागितलं की पालिका देऊन टाकायची."

"कधी?" होनोराताने विचारलं.

त्याने तो प्रश्न ऐकला नाही. "आता आधी पुरावा, मग खर्च. कठड्याने माणसं पडायची थांबतात हे आधी सिद्ध करावं लागेल. तुमच्याकडे नेमके दोन जिने आहेत, म्हणजे योगच आहे. चिठ्ठ्या टाकायच्या. एका जिन्याला कठडा मिळेल, दुसरा तुलनेसाठी तसाच राहील. वर्षभर दोन्हीकडे पडणारे मोजायचे."

चिठ्ठ्या सुपाच्या पातेल्यात टाकल्या. कठडा पूर्वेच्या जिन्याला गेला. तोही दोन्ही बाजूंना, कारण फाब्रिसियोच्या मते फरक ठसठशीत दिसायला हवा होता. पश्चिमेचा जिना तुलनेसाठी राहिला.

"म्हणजे आम्ही काय करायचं?" होनोराताने विचारलं.

"काही नाही. नेहमीसारखं चढायचं-उतरायचं."

"आणि पडलो तर?"

"तर कठड्याचा उपयोग आहे हे सिद्ध होईल."

"आणि नाही पडलो तर?"

फाब्रिसियोने चिठ्ठ्या खिशात घातल्या. "असं होत नाही," तो म्हणाला.

मग संमतीपत्रं निघाली. स्वयंपाकघराच्या रांगेत सही केली की ताट मिळतं, ही इथली सवय. त्यामुळे पश्चिमेकडच्या एकसष्ट घरांनी एका दुपारात सह्या केल्या. वाचलं कोणीच नाही. होनोराताने मात्र वाचलं. चष्मा पुसून, बोट ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि एक प्रत साखरेच्या डब्याखाली सरकवली.

कठडा बसल्यावर पहिल्या आठवड्यात पश्चिमेचे सगळे लोक पूर्वेच्या जिन्याने जाऊ लागले. कठडा असलेला जिना शेजारी असताना बिनकठड्याचा कोण चढेल? काकांना मात्र तिकडे जाणारी कडेची पायवाट झेपणारी नव्हती. फाब्रिसियोला घाम फुटला.

"अहो, तुम्ही तुमच्याच जिन्याने जायला हवं! नाहीतर सगळा अभ्यास नासेल!"

"नासला तर?"

"तर कोणालाच काही मिळणार नाही."

वस्तीची सभा बसली. दुसऱ्याच्या जिन्यावर पाय ठेवील त्याने दोन रविवार गटार साफ करायचं, असा ठराव झाला. दुसऱ्या दिवसापासून सगळे निमूटपणे आपल्या जिन्यावर परतले आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. कारण पश्चिमेला कोणी पडेचना.

तीस वर्षं हे लोक त्या पायऱ्यांवर वावरत होते. भुरभुर सुरू झाली की बायका एकमेकींचा हात धरून साखळीने उतरत. गॅसची टाकी हातोहात वर जाई. पिणारे दारू पिऊन निघाले की बसून, एकेक पायरी घसरत खाली येत. एका महिन्यात पडलेले शून्य. पूर्वेला नऊ. कारण पूर्वेच्या पोरांनी कठड्याची घसरगुंडी केली होती, आणि दोन पोक्त माणसांनीही, त्यांपैकी एक चर्चमधला वादक होता.

फाब्रिसियोने वहीवर मान टाकली. "होनोराताबाई, तुम्ही इतकं सांभाळून का चालता?"

"कठडा नाही म्हणून."

"मग आकड्यांवरून असं दिसतंय, की कठड्यामुळे माणसं पडतात!"

"तुम्हाला तसं वाटतं?"

"मला नाही वाटत. पण माझ्या वाटण्याला काय अर्थ? मला आकडे पाठवावेच लागतात."

त्याने आकडे पाठवले. पोरगा प्रामाणिक होता, हीच त्यातली मोठी अडचण. कक्षाच्या संचालिकाबाईंना आकडे फारच आवडले. कठडे न लावल्याने लोक सुरक्षित राहतात, हा निष्कर्ष कोणत्या कार्यालयाला आवडणार नाही? त्यांनी कळवलं, की अंतिम अहवालाची वाट न बघता पूर्वेचा कठडाही खबरदारी म्हणून काढून घेण्याचा विचार चालू आहे.

हे कळल्यावर होनोराताने मनातल्या मनात चिडायचं सोडून उघड चिडायला सुरुवात केली. तिने तातडीची सभा बोलावली.

"आपल्याला पडावं लागणार," ती म्हणाली.

"कोणी?" मागून सोराइदाने विचारलं. सोराइदा म्हणजे स्वयंपाकघराची सगळ्यात जाडजूड आणि सगळ्यात घाबरट आचारीण.

"सगळ्यांनी. पाळीपाळीने. मंगळवारी जिची स्वयंपाकाची पाळी, तिने बुधवारी पडायचं."

"आणि माझं माकडहाड?"

"सणाचे घागरे घाल. सगळेच्या सगळे."

स्वयंपाकाच्या तक्त्याशेजारी पडण्याचा तक्ता लागला. बुधवारी सकाळी दहाला सोराइदा पाच घागरे घालून जिन्यावर आली, तिने डोळे मिटून क्रूसाची खूण केली, "जरा बाजूला व्हा हं" असं खालच्यांना सांगितलं आणि तीन पायऱ्या बेताने घरंगळली. गुरुवारी एमेतेरिया पडली, बटाट्यांसकट. पण पडण्याआधी तिने बटाटे वेचायला दोघांना खाली उभं केलं होतं. शुक्रवारी ज्याची पाळी होती त्याला शहरात काम निघालं, म्हणून तो शेजाऱ्याशी अदलाबदल करून गेला.

फाब्रिसियोने चार दिवस हे बघितलं. पाचव्या दिवशी त्याची नजर तक्त्यावर पडली.

"हे काय आहे?"

"पाळ्या," होनोराता म्हणाली. "आमच्यात सगळं पाळीनेच चालतं, इंजिनियर. नाहीतर तीच तीच बाई राबते."

"अहो, ठरवून पडलेलं धरता येत नाही!"

"माणूस पडलं ते पडलं. सोराइदाला बसता येत नाहीये, जाऊन विचारा."

"मला खरं पडणं हवं. कोणी तरी असा माणूस, जो..." तो वही चाळू लागला. "हे कोण? सातुर्निनो. पडल्याची नोंद शून्य. वय एक्क्याऐंशी! हे तर आदर्श उदाहरण आहे! हे नक्की करतात तरी काय?"

"घरात बसतात."

"मला त्यांची मुलाखत घ्यायलाच हवी."

होनोराताने डबा भरला आणि त्याच्या हातात दिला. "जाताय तर हे न्या. भुरभुर आहे, जपून."

एकशे एकेचाळीस पायऱ्या तो जपून चढला. एकशे बेचाळिसावीवर त्याला वहीत काही तरी टिपायचं आठवलं. डबा एका हातात, वही दुसऱ्या, आणि पेन दातांत असताना त्याचा पाय गेला. आठ पायऱ्या खाली येऊन तो थांबला, ते एका कुत्र्याने जागा सोडली नाही म्हणून.

वस्ती धावली. सोराइदा तर उभ्याने नाचायची तेवढी राहिली. "पडले! इंजिनियर पडले! न ठरवता पडले! लिहा, लिहा!"

फाब्रिसियो घोटा धरून कण्हत होता. "धरता येत नाही," तो म्हणाला.

"का?"

"मी नमुन्यात नाही. मी इथला रहिवासी नाही."

खाली न्यायचं म्हणजे एकशे चौतीस ओल्या पायऱ्या, आणि पाठीवर बसायला तो तयार होईना. वर वीसच होत्या. त्याला उचलून काकांच्या घरात ठेवलं. हाडं बसवणाऱ्या बाईने घोटा चोळला, बांधला आणि सांगितलं, की आधाराला काही तरी धरता आलं तर चारेक दिवसांत उतरता येईल.

"या इंजिनियर," सातुर्निनोकाका म्हणाले. "बसा. आधाराला काही तरी मिळायची वाट मीही बघतोय. दहा महिने होत आले."

पहिल्या दिवशी फाब्रिसियोने मुलाखत घेतली. दुसऱ्या दिवशी प्रश्न संपले. तिसऱ्या दिवशी दोघंही दाराशी बसून खालून होनोराता येताना दिसते का, ते बघत होते. ती प्रत्येक वळणावर थांबत होती, गुडघ्यावर हात ठेवत होती, आणि आता तिच्या हातात दोन डबे होते.

"ती रोज अशी येते?" फाब्रिसियोने विचारलं.

"रोज. तुमच्या वहीत ते कुठल्या रकान्यात जातं?"

फाब्रिसियोला रकाना सापडला नाही. जेवताना त्यानेही अर्धं टाकलं.

संध्याकाळी त्याने संचालिकाबाईंना फोन लावला. "मी पडलोय. कठडा लागतोच, मॅडम."

"एका माणसाच्या अनुभवावरून धोरण ठरत नाही, फाब्रिसियो. हे तूच शिकवतोस ना? आणि काळजी करू नकोस, पूर्वेचा कठडा आजच काढला."

खरंच काढला होता. पालिकेच्या माणसांनी दोन्ही बाजूंचे पाइप उपसले, स्वयंपाकघराच्या दारात रचले आणि ट्रक सोमवारी येईल असं सांगून ते निघून गेले. मधे रविवार होता. आणि रविवारी टेकडीवर सगळ्यांनी मिळून काम करायचं असतं. जो येत नाही, त्याचं नाव आठवडाभर पाण्याच्या टाकीवर लिहिलेलं राहतं.

रविवारी सकाळी फाब्रिसियो खटखट ऐकून लंगडत दारात आला. खालपासून वरपर्यंत माणसं होती, पूर्वेचीही आणि पश्चिमेचीही. खड्डे खणले जात होते, सिमेंट कालवलं जात होतं, आणि एकेक पाइप हातोहात वर येत होता.

"थांबा!" तो ओरडला. "हा तुलनेचा जिना आहे! याला कठडा लावता येणार नाही!"

होनोराता सगळ्यात पुढे होती. तिने धाप टाकत, पोलक्यातून घडी केलेला कागद काढला. त्याला साखर चिकटली होती. "हे तुमचंच ना? वाचते. 'सहभागी व्यक्ती कोणत्याही क्षणी, कारण न देता, अभ्यासातून माघार घेऊ शकते, आणि त्यामुळे तिचं कोणतंही नुकसान होणार नाही.' एकसष्ट घरांच्या सह्या आहेत, इंजिनियर. आम्ही माघार घेतली."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. कारण देत नाही."

फाब्रिसियोने कागद हातात घेऊन पाहिला. ती ओळ त्यानेच लिहिली होती, आणि त्या ओळीचा त्याला अभिमानही होता.

"पाइप दोन रांगांचे आहेत," होनोराता म्हणाली. "एक इथे, एक पुन्हा पूर्वेला. आता इंजिनियर आहातच, तर सांगा, हा खांब सरळ आहे का?"

"मी इंजिनियर..." त्याने खांबाकडे बघितलं. एक डोळा मिटला. "जरा डावीकडे घ्या," तो म्हणाला.

बुधवारी सिमेंट वाळलं. आधी सातुर्निनोकाका उतरले, मागून फाब्रिसियो. काका शहाण्णवाव्या पायरीशी थांबले, कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि पायरीला एक जुनी शिवी घालून पुढे निघाले. स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या खुर्चीवर कोणी तरी पिशवी ठेवली होती. होनोराताने ती झटक्यात उचलली. काका बसले, एक चमचा सूप प्याले आणि म्हणाले, "मीठ कुठाय?"

होनोराताने पटकन पाठ फिरवली आणि कांदा चिरायला घेतला. त्या दिवशी सुपात कांदा नव्हता.

ट्रक रिकामा परत गेला होता. तीन आठवड्यांनी पालिकेचं पत्र आलं, या वेळी कागदावर. होनोराताने ते काकांना वाचायला दिलं. कारण आता ते रोज उतरत होते आणि मोकळेच असत.

"'आता दोन्ही जिन्यांना कठडा असल्याने तुलनेसाठी काहीच उरलेलं नाही,'" काकांनी मोठ्याने वाचलं. "'सबब, कठड्याचा उपयोग होतो की नाही, याबाबत काहीही सिद्ध होऊ शकलं नाही. पुरेसा पुरावा मिळेपर्यंत आहे ती परिस्थिती बदलू नये.' खाली सही फाब्रिसियोची."

"म्हणजे?" सोराइदाने विचारलं. ती अजून उशीवर बसत होती.

"म्हणजे हात लावायचा नाही कोणी," काका म्हणाले. त्यांनी पत्राच्या चार घड्या केल्या, वाकून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारल्या आणि टेबल हलवून पाहिलं. टेबल हललं नाही.

"पोरगा बरा इंजिनियर निघाला," ते म्हणाले आणि दुसरी वाटी पुढे केली.