युसूफभाईंचा रिव्हर्स गिअर

तारीख १४ जानेवारी. वाहतुकीचा दंड दीडशे रियाल. कारण, मुख्य रस्त्यावर गाडी उलटी चालवली. गाडीत हजर तिघे: मागच्या सीटवर छाती धरून मी, शेजारी माझी बायको, आणि स्टिअरिंगवर युसूफभाई सारंग. यात नवल दंडाचं नाही. युसूफभाईंनी गाडी मागे घेतली, याचं आहे.

जेद्दाच्या अल अझीझियात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर ते अकरा वर्षं एकटे राहतात. मूळचे रत्नागिरीकडचे, हार्डवेअरच्या दुकानात स्टोअरकीपर. ते गाडी रिव्हर्स घेत नाहीत. आमची गल्ली पुढे बंद आहे, आत शिरलेली गाडी उलटीच बाहेर काढावी लागते. म्हणून ते मुख्य रस्त्यावर गाडी लावून दोनशे बारा पावलं चालत येतात. पावलं मी मोजली आहेत. जुलैच्या उन्हातही ते तसेच येतात, खांद्यावर तांदळाची गोण घेऊन. मॉलच्या पार्किंगमध्ये पुढची गाडी हलेपर्यंत एकदा पन्नास मिनिटं बसून राहिले. मी सोबत होतो. आइस्क्रीम माझ्या मांडीवर होतं.

"अंकल, रिव्हर्स गिअर निकालके बेच दो ना!" माझी मुलगी चिडवायची.

"गिऱ्हाईक आण, देतो."

कारण विचारलं की दाऊद सारंगची गोष्ट सुरू. हा त्यांचा सात पिढ्यांमागचा पूर्वज, आरमारात तोफ डागणारा गोलंदाज. एका दर्यावर्दी सरदाराचे दोन मुलगे बापाच्या गादीसाठी एकमेकांवर उठले आणि किनाऱ्यावरची गावं दोन बाजूंना वाटली गेली. "धाकट्याच्या गलबतावर आमचा दाऊद. तोफेपासून एक पाऊल मागं हटला नाय. सारंग मागं येत नाय, साहेब!" शत्रूची गलबतं सुरुवातीला पाच होती, हल्ली नऊ आहेत. मी आकडा दुरुस्त करू पाहिला.

"तुम्ही होतात तिथं?"

गावचा एक पाहुणा एकदा चहा पिता पिता हसत म्हणाला, "पळपुट्या दाऊदचे ना तुम्ही?" युसूफभाईंनी त्याच्या हातातला अर्धा कप काढून बेसिनमध्ये ओतला. "खलास. चहा संपला."

चौदा तारखेला सकाळी माझ्या छातीत कळ आली. अँब्युलन्सला वीस मिनिटं लागणार होती, मला दहा पावलं चालवत नव्हतं. बायकोनं युसूफभाईंचं दार वाजवलं. ते अनवाणी धावले, गाडी गल्लीत घालून थेट दारात आणली आणि मला आत बसवलं. मग मान मागे वळवून अख्खी गल्ली उलटी कापली. हॉस्पिटलचा फाटा मुख्य रस्त्यावर साठेक मीटर मागे होता, तिथवरही तसंच. त्यांचा चेहरा सबंध वेळ माझ्यासमोर होता. माझ्यापेक्षा जास्त घाम त्यांना आला होता.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या खाटेजवळ येऊन बसले. म्हणाले, "साहेब, दाऊद मागं आला होता."

मी उशीला टेकून उठून बसलो.

"समोरच्या गलबतावर त्याचा सख्खा भाऊ होता. जखमी होऊन पाण्यात पडला. दाऊदनं तोफ सोडून उडी मारली. भावाला पाठीवर घेऊन किनाऱ्याला आला. दोन्ही बाजूंनी त्याला पळपुटा ठरवलं."

"मग हेच का नाही सांगत?"

"बाप सांगायचा. लोक 'तोफ सोडली' इथवरच ऐकायचे."

दंडाचा मेसेज आला तेव्हा मी हिशेबी माणूस लगेच म्हणालो, "हॉस्पिटलचे कागद जोडून अर्ज करू. दंड माफ होईल."

ते ताडकन उठले. "माफी कशाची? मागं आलो, पण माणूस घेऊन आलो. सरकारनं लिहिलंय ना? राहू दे लिहिलेलं!"

दीडशे रियाल वाहतूक खात्याला युसूफभाईंनीच भरले. माझ्याकडून एक हलाला, म्हणजे इथला एक पैसाही, घेतला नाही. पावतीचा फोटो त्यांनी गावच्या त्या पाहुण्याला पाठवला. खाली दोनच शब्द: मागं आलो.