किल्ल्याच्या मातीची चव

साहेब अकरा वाजता येणार होते, आणि साडेआठ वाजता मुनव्वरमियाँनी फडताळातला डबा उघडला तर आत नुसता पत्रा चमकत होता. डबा घासलेला होता, पुसलेला होता, आणि त्याला साबणाचा वास येत होता.

"माती कुठंय?" मुनव्वरमियाँ ओरडले. "भाभी! डब्यातली माती कुठंय?"

खुर्शीदबी अंगणात पोरींच्या छिन्न्या मोजून ठेवत होत्या. त्या उठायच्या आत त्यांची सून तस्लीम ओल्या हातांनी हसतहसत बाहेर आली.

"ती होय? कुंड्यांत घातली की. मोठे साहेब यायचेत, दाराशी चार फुलझाडं नकोत का? झेंडू लावलाय. काल दुपारी चांगलं तांब्याभर पाणीही घातलं."

मुनव्वरमियाँ मटकन खाली बसले. बिदरच्या कारागिराच्या घरात सोनं हरवलं तर पोलिसांत जाता येतं. माती हरवली तर जायचं कुठं? ओतलेल्या भांड्यावर पोरींनी महिनाभर चांदीची तार ठोकली होती. पण करड्या धातूवर पांढरी तार, दिसणार काय कपाळ! किल्ल्यातली ती माती नवसागराच्या पाण्यात कालवून चोळली की भांडं काळंभोर होतं आणि चांदी तेवढी उजळून वर येते. मातीही कुठलीही चालत नाही. जिथं शेकडो वर्षांत ऊन-पाऊस पोचलेला नाही तिथलीच लागते. आणि तस्लीमच्या कृपेनं ती काल दुपारपासून अंगणात ऊन खात बसली होती.

"अक्कल आहे का हिला!" मुनव्वरमियाँ म्हणाले.

"तिला बोलू नका," खुर्शीदबी म्हणाल्या. "बायकांना डब्याजवळ फिरकू नका म्हणून कोण सांगत होतं? डब्यात काय आहे, कशासाठी आहे, हे या घरात बाईला कळूच द्यायचं नाही, आणि मग तिनं झेंडू लावला की अक्कल काढायची!"

हे भांडण जुनं होतं. घरातल्या बायकांनी चांदी ठोकायची, कानशी घासायच्या, डोळे फोडून घ्यायचे. पण माती पारखणं आणि भांड्याला काळं चढवणं पुरुषांचं काम. बाईचा हात लागला तर माती रंग धरत नाही, असं मुनव्वरमियाँचे अब्बा सांगत, आणि अब्बांचं म्हणून मुनव्वरमियाँही सांगत. खुर्शीदबींचा नवरा थोरला, हाताचा मोठा कसबी. तो जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून उस्ताद म्हणजे मुनव्वरमियाँ.

आठ महिन्यांपूर्वी खुर्शीदबींनी अंगणात चौदा पोरी जमवल्या आणि त्यांना ही चांदीच्या तारेची बिदरी शिकवायला घेतली. आता जुन्या कसबांच्या सरकारी योजनेतून वर्गाला मंजुरी मिळायची होती, आणि साहेब त्याचसाठी येत होते. मिळाली तर पोरींना प्रमाणपत्र, दरमहा विद्यावेतन आणि घरच्यांपुढे बोलायला तोंड. नाही मिळाली तर वर्ग बंद. त्यांतल्या शिवलीलाच्या बापानं तर सांगून टाकलं होतं, की मंजुरी नाही तर पुढच्या आठवड्यात हुमनाबादचे पाहुणे घरी येतील आणि शिवलीला चहाचा ट्रे घेऊन बाहेर येईल. एवढ्यासाठी खुर्शीदबींनी दात-ओठ खात दिराची अट मान्य केली होती: कागदावर मुख्य प्रशिक्षक मुनव्वरमियाँ, आणि मातीचं काम पोरींना शिकवायचं नाही.

"किल्ल्यावर जाऊन दुसरी आणू," त्या म्हणाल्या. "रिक्षा बोलवा."

"मी आणतो. तुम्ही कशाला?"

पण खुर्शीदबी रिक्षात बसल्यासुद्धा होत्या, आणि त्यांच्या शेजारी पिशवी घेऊन शिवलीलाही. मुनव्वरमियाँ ड्रायव्हरजवळच्या अर्ध्या सीटवर लटकले.

किल्ल्यात जुन्या दारूखान्यामागं एक अंधारी कोठडी आहे. तिच्या तोंडाशी पहारेकरी सिद्रामप्पा खुर्ची टाकून बसला होता, आणि पलीकडच्या कट्ट्यावर भालकीच्या शाळेची सहल. गुरुजी सनावळ्या सांगत होते आणि सहावीची पोरं एकमेकांच्या पाठीवर खडूनं काहीबाही लिहीत होती.

"काय पाहिजे?" सिद्रामप्पानं विचारलं.

"माती," खुर्शीदबी म्हणाल्या.

"बोर्ड वाचा की. इथलं काही न्यायचं नाही."

"बोर्ड परवाचा आहे. आमची माणसं मूठ-मूठ माती नेतायत ती तुझा पणजा जन्मायच्या आधीपासून. आमच्या कारखान्याच्या नावाची चिठ्ठी आहे माझ्याजवळ, किल्ल्याच्या साहेबांच्या सहीची. बघ."

सिद्रामप्पानं चिठ्ठी उलटी-सुलटी पाहिली. "यावर मागच्या वर्षीची तारीख आहे."

"मग मातीची कुठं मुदत संपली?"

सिद्रामप्पानं घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं. खणायचं नाही. हातानं काय निघेल ते."

मुनव्वरमियाँ कोठडीत शिरले. एका कोपऱ्याकडं बोट करून त्यांनी शिवलीलाला माती काढायला लावली, तिच्या मुठीतली चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले. किल्ल्याची माती पारखतात ती जिभेनंच. त्याला दुसरं यंत्र नाही.

"सर! सर! ते आजोबा किल्ला खातायत!"

एका पोराच्या या आरोळीसरशी सनावळ्या तिथंच राहिल्या आणि अख्खी सहावी कोठडीच्या दाराशी लोटली. एवढे प्रेक्षक पाहून मुनव्वरमियाँना अवसान चढलं.

"ही नव्हे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "कच्ची आहे."

दुसऱ्या कोपऱ्यातली मागवून, चाखून म्हणाले, "ही जवळ आलीय." तिसरीला मान डोलावली. "हीच! अब्बांच्या हातची!"

शिवलीलानं पिशवी खाली ठेवली. ती म्हणाली, "चाचा, तुम्हाला अंधारात वाकायला नको म्हणून मी पुढं करत होते ना मूठ? तिन्ही वेळा एकाच जागची होती."

पोरं खदखदून हसली. मुनव्वरमियाँचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "पोरगी खोटं बोलतेय!" ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"मुनव्वरमियाँ," खुर्शीदबींनी विचारलं, "खरं सांगा. तुम्ही आजवर एकदा तरी माती निवडलीय?"

"डबा होता ना भरलेला! भाईजाननं जाण्याआधी भरून ठेवला होता. गरजच काय पडली?"

"आणि जीभ?"

मुनव्वरमियाँची जीभ चाळीस वर्षं जर्दा खाल्लेली. ते कोठडीच्या छताकडं पाहू लागले. पितळ उघडं पडलं होतं, आणि पितळेची पारख तर त्यांना होती.

"आता काय?" शिवलीला रडवेली झाली. "खाला, पावणेदहा झाले."

खुर्शीदबींनी पदर खोचला. आतल्या भिंतीच्या बुडाशी गेल्या, चिमूट घेतली, जिभेवर ठेवली आणि थुंकल्या. दोन पावलं सरकून पुन्हा घेतली. पुन्हा थुंकल्या. तिसऱ्या चिमटीला मात्र थांबल्या. त्यांचा चेहरा सैल झाला, डोळे अर्धे मिटले, आणि त्यांनी आणखी एक चिमूट घेतली. ही पारखायला नव्हती.

"ही," त्या म्हणाल्या. "आधी खारट, मग तुरट, आणि गिळता गिळता जिभेला चिमटा. भर पिशवी."

"तुम्हाला काय ठाऊक?" मुनव्वरमियाँ उसळले. "या घरात बाईनं डब्याला कधी हात लावला नाही!"

"चार मुलं झाली मला तुमच्या घरात. चारही वेळा डोहाळे मातीचे. दुसऱ्या बायका चुलीची माती खातात, भिंतीचे पोपडे खातात. मला त्या डब्यातल्याशिवाय दुसरी चालायची नाही. दुपारी तुम्ही सगळे झोपलात की मी फडताळाशी."

मुनव्वरमियाँ बोटांवर वर्षं मोजू लागले. मग त्यांच्या डोक्यात हळूहळू काहीतरी उजाडलं.

"अब्बा म्हणायचे, उंदीर लागलाय डब्याला. मांजर आणलं होतं त्यांनी!"

"हो. गुणी होतं बिचारं. माझ्याजवळच बसायचं."

"आणि मला दोन थोबाडीत दिल्या होत्या! सोळा वर्षांचा होतो मी! म्हणे, माती विकतोस!"

"तेव्हा वाईट वाटलं होतं मला," खुर्शीदबी म्हणाल्या. "पण सातवा महिना होता. डबा सोडवेना."

तेवढ्यात मागून पचपच आवाज आले. सहावीच्या वर्गानं आपापली चिमूट उचलली होती. एक चष्मेवाली मुलगी जीभ बाहेर काढून म्हणाली, "खारट आहे!"

"शाब्बास. मग?" खुर्शीदबींनी विचारलं.

"मग... मग मुंग्या आल्या."

"कोपऱ्यातली खाऊन बघ. मुंग्या येणार नाहीत. का?"

मुलीनं कोपऱ्यात जाऊन चाखली, वर पाहिलं. "इथं छताला भोक आहे. पाऊस येत असणार."

ती कोठडी बांधल्याचं साल गुरुजींनी दोनदा सांगितलं होतं आणि एकाच्याही लक्षात राहिलं नव्हतं. आता छत, भोक, पाऊस, मीठ सगळं एका दमात डोक्यात शिरलं. गुरुजी मात्र "थुंका! थुंका! पालकांना मी काय सांगू!" म्हणत कोठडीभर धावत होते.

"बाई, भरली ना पिशवी?" सिद्रामप्पा हात जोडून म्हणाला. "निघा आता. नाहीतर ही कार्टी संध्याकाळपर्यंत किल्ला संपवतील."

घरी पोचले तेव्हा अकराला पाच कमी होते आणि साहेब आधीच आलेले होते. हिरेमठ नावाचे सव्वीस-सत्तावीस वर्षांचे पोरगेलेसे अधिकारी, काखेत फाईल. ते दाराशी उभे राहून झेंडू पाहत होते.

"छान आहेत हो फुलं," ते म्हणाले.

तस्लीमनं सासूकडं अशी नजर टाकली की बस्स.

अंगणात चौदा पोरी रांगेनं बसल्या. शेगडी पेटली, नवसागराचं पाणी उकळलं, माती पडली. मुनव्वरमियाँनी सवयीनं बाह्या सारल्या आणि चांदीच्या वेलाची डबी उचलायला हात पुढं केला.

"शिवलीला," खुर्शीदबी म्हणाल्या, "तू बस."

"भाभी!" मुनव्वरमियाँ दबक्या आवाजात म्हणाले. "आपलं काय ठरलं होतं? बाईचा हात लागला आणि रंग धरला नाही तर? वर्ग जाईल!"

"गेला तर गेला. अर्धी विद्या शिकवणारा वर्ग मला नकोच आहे. बस, पोरी."

म्हणाल्या खऱ्या, पण स्वतः शेगडीजवळ सरकून बसल्या. शिवलीलानं डबी शेगडीवर शेकली आणि मातीचा लगदा चोळायला घेतला. डबी करडीच राहिली. मग मळकट तपकिरी झाली. बाकीच्या पोरींनी माना पुढं काढल्या. मुनव्वरमियाँनी "मी म्हटलं होतं" म्हणायला श्वास घेतला, आणि तो तसाच आत राहिला. कारण शिवलीलानं डबी पाण्यात बुडवून वर काढली, तर ती काळीकुट्ट होती आणि तिच्यावर चांदीचा वेल पानापानानं लखलखत होता.

"रंग धरला!" शिवलीला ओरडली. "खाला, माझ्या हातानं धरला!"

खुर्शीदबींनी डोळे पुसले आणि कुणी पाहिलं का ते पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं होतं.

"उत्तम," हिरेमठ फाईल उघडून म्हणाले. "मुख्य प्रशिक्षक, मुनव्वरसाहेब. बरोबर? एकच रकाना राहिलाय. माती पारखण्याचा किमान तीन वर्षांचा अनुभव. आहे ना?"

चौदा पोरी मुनव्वरमियाँकडं पाहू लागल्या. शिवलीला जरा जास्तच पाहत होती. मुनव्वरमियाँना खोकला आला.

"त्यांचं नाव खोडा," खुर्शीदबी म्हणाल्या. "माझं लिहा."

"तुम्हाला तीन वर्षांचा अनुभव आहे?"

"नऊ चोक छत्तीस. बरोबर छत्तीस महिने."

"नऊ चोक म्हणजे?"

खुर्शीदबींनी सांगितलं. काहीही न लपवता, डब्यासकट, मांजरासकट सांगितलं. हिरेमठांचं अजून लग्न व्हायचं होतं. त्यांचे कान लाल झाले, पण नियमाला ते पक्के होते.

"पण पूर्ण नऊ-नऊ महिने कसे धरायचे? पहिला महिना तर... म्हणजे, सुरुवातीला..."

"धाकटी दिवस उलटून गेल्यावर झाली. शिवाय बाळंतपणानंतरही सवय लवकर सुटत नाही, साहेब. धरा निवांत."

हिरेमठांनी धरले. "मात्र हा अनुभव घेतल्याचं कारखान्याच्या मालकानं स्वतःच्या हातानं लिहून द्यावं लागेल. मालक कोण?"

मालक मुनव्वरमियाँ होते. त्यांनी एकदा डबीकडं पाहिलं, एकदा शिवलीलाच्या काळ्या झालेल्या बोटांकडं, आणि गाल चोळत पेन हातात घेतलं. थोबाडीत खाल्लेल्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती, पण हिशेब आज लागला होता.

"अनुभव कुठं घेतला, असं विचारलंय," ते म्हणाले. "काय लिहू, भाभी?"

"लिहा, तुमच्याच घरात. तुमच्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून."

मुनव्वरमियाँनी 'आमच्याच घरात' एवढं लिहिलं आणि थबकून साहेबांकडं पाहिलं.

"लिहा, लिहा," हिरेमठ म्हणाले. "रकान्यात जागा आहे."