सगळं व्यवस्थित असलेलं घर

"ह्यांना धरून उठवावं लागतं हे तिला कळायला नको. लग्नाला दोनच महिने झालेत, काय म्हणेल ती?" सासूबाई स्वयंपाकघरात माझ्या नवऱ्याला सांगत होत्या. मी दाराआड वाळलेले कपडे घेऊन उभी होते. सासरे महिन्यापूर्वी पडले, तेव्हापासून रोज सकाळी भिंतीपलीकडून 'एक, दोन, तीन, उचल' ऐकू यायचं. (रोज कपाट हलवतात, असं समजत असेन मी?)

आमच्या भागात एक मदत केंद्र आहे. कुणाला वॉकर, कुणाला घरी येऊन व्यायाम शिकवणारं माणूस, अशी गरजूंची सोय करून देतात. मी गुपचूप फोन केला. मंगळवारी एक ताई पाहायला येतील, म्हणाले. घरात मात्र मी सांगितलं, "केंद्राकडून कुणीतरी येणार आहे. सगळ्यांकडेच येतात." (खरं बोलायला धीर लागतो, तो माहेरी राहिला असावा.)

झालं. पाहणी म्हटल्यावर सासूबाईंनी पडदे धुतले, बाबांना इस्त्रीचा शर्ट चढवला आणि ताई यायच्या अर्धा तास आधीच त्यांना खुर्चीत नेऊन बसवलं.

ताईंनी फाइल उघडली. "आजोबा, चालता येतं?"

"येतं की," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी फेरीसुद्धा मारतात."

"अंघोळ?"

"स्वतःची स्वतः."

"आई, जिन्याचं सांग," नवरा म्हणाला.

"हो, जिनासुद्धा चढतात."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. ताई खुणा करत गेल्या. बाबा खुर्चीचे हात तेवढे घट्ट धरून होते.

"छान. सगळं व्यवस्थित आहे," ताई फाइल मिटत म्हणाल्या. "मग वॉकर आणि व्यायामाच्या बाई पुढच्या घरी देते. यादी मोठी आहे."

सुटलेल्या बसकडे बघावं तसे बाबा त्या फाइलकडे बघत राहिले.

चहा गाळताना मी अख्खं भाषण पाठ केलं होतं. आजारपणात लाज कसली, सून परकी नसते, वगैरे. बाहेर आले आणि पहिलं वाक्यसुद्धा आठवेना. ताई उठल्या, चपला शोधू लागल्या. हातातला ट्रे तसाच धरून मी म्हणाले,

"बाबा, ताई निघाल्यात. त्यांना जरा दारापर्यंत सोडून येता?"