मास्तरांचा नळ आणि सहा कप

अर्ज आत दिला आणि अकराव्या मिनिटाला मंजुरीचा शिक्का बसला, तेव्हा चित्रकलेचे निवृत्त मास्तर घाबरलेच.

"झालं काका. सोमवारी माणूस येऊन नळ जोडून जाईल," खिडकीतली नवी कारकून मुलगी म्हणाली.

"झालं म्हणजे... सगळंच?"

"सगळंच."

"मग आमच्याकडून तुम्हाला काही...?"

"सही केलीत ना? मग काही नाही. चला, पुढचे या!"

मास्तर तोंड पाडून घरी आले. घर तिसऱ्या मजल्यावर आणि पाणी खालच्या हौदाला. बादल्या वाहून वाहून बायकोचे गुडघे कामातून गेले होते, म्हणून तर बिचाऱ्यांनी या वयात कचेरीची पायरी चढायचं धाडस केलं होतं.

"काहीच घेतलं नाही?" बायकोनं बादली खाली ठेवली. "अहो, मग काम कसं होणार?"

मेहुणा तिथंच ठाण मांडून बसला होता. सगळ्या कचेऱ्यांतलं त्याला कळतं. स्वतःचं एकही काम त्याला आजवर करून घेता आलेलं नाही, ते सोडा. "भावोजी, न घेणारा माणूस फार वाईट! घेणाऱ्याला निदान लाज असते, तो काम करतो. तुमची फाइल दाबली म्हणून समजा."

"पण ती हसली रे माझ्याकडे बघून."

"हसली? मग तर संपलंच!"

दोन दिवस मास्तर त्या हसण्याचाच अर्थ लावत बसले. शेवटी मेहुण्यानंच तोड काढली. पैसे दिले तर ती लाच, वस्तू दिली तर ती माया. मग सहा कपांचा सेट आला. आपलं नाव कळायला नको का? म्हणून मास्तरांनी आत वळणदार अक्षरात चिठ्ठी ठेवली: 'सप्रेम भेट. नळजोडणी, अर्ज क्रमांक चौऱ्याहत्तर.'

हातात द्यायची हिंमत होईना. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी खोकं मुलीच्या टेबलाखाली सरकवलं आणि काढता पाय घेतला.

सुट्टी संपली आणि शिपायाला टेबलाखाली बेवारस खोकं दिसलं. तो जो ओरडला, त्यासरशी अख्खी कचेरी धडपडत रस्त्यावर आली. पोलीस आले. एका जवानानं अंगभर चिलखत चढवून, जीव मुठीत धरून दोरी कापली. आत कप! आणि चिठ्ठी. ती त्या भल्या माणसानं रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली.

मुलगी निलंबित झाली. चौऱ्याहत्तर नंबरची फाइल पुरावा म्हणून कुलपात गेली, कपांसकट.

मास्तर शरमेनं अर्धमेले होऊन तिच्या दारात उभे राहिले.

"काका, मी तुमचं काय वाईट केलं होतं हो?"

"काही नाही गं पोरी." मास्तरांचे डोळे भरून आले. "चाळीस वर्षं प्रत्येक खिडकीत काहीतरी सरकवलं, तेव्हा कुठं कामं झाली. तू घेतलं नाहीस आणि मी घाबरलो."

"मग हेच लिहून द्या. परवा चौकशी आहे. तुमचा जबाब वेळेत पोचला, तर माझी नोकरी वाचेल. तुमची फाइलही सुटेल."

मास्तरांनी दोन पानं लिहिली. या मुलीनं काही मागितलं नाही, काही घेतलं नाही, सगळा दोष माझा. ती पानं घेऊन ते चौकशी कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं कागद उलटसुलट करून पाहिले.

"नोंदीचं रजिस्टर भरलंय. नवं यायला महिना लागेल."

"अहो, चौकशी परवा आहे!"

"मग बघा बुवा," असं म्हणून तो चष्मा पुसू लागला. टेबलाचा खण मात्र दोन बोटं उघडा होता.

मास्तरांना त्या मुलीचा चेहरा आठवला. मग बायकोचे गुडघे. त्यांचा हात केव्हा खिशात गेला आणि केव्हा खणाशी पोचला, ते त्यांनाही कळलं नाही.

रजिस्टरात जागा निघाली. 'सदर कर्मचारी एक पैसाही घेत नाही,' या जबाबाची रीतसर नोंद झाली आणि शिक्क्यासह पोच मास्तरांच्या हातात पडली. जिना उतरताना कितीतरी दिवसांनी त्यांना हायसं वाटलं. आता काम नक्की होणार!