द्वारकामावशींचा झगा

लग्नानंतरचा जवळजवळ सारा जन्म विधवेच्या लाल आलवणात काढलेल्या द्वारकामावशी आमच्या आळीत कोणी कशा बाह्या शिवाव्यात हे ठरवत. ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे खांदे तपासत. "खांदा पडलाय हो!" ही त्यांची हाक वरातीतल्या नवरदेवालाही चुकली नाही.

मावशी परकरात असतानाच विधवा झाल्या. तेव्हापासून महिन्याच्या महिन्याला न्हावी डोक्यावरचे केस उतरवायला मागच्या दारी येई. पुढच्या दारी पुतण्याची मुंबईहून पार्सलं येत. मावशी वस्तू घरातल्या पुतसुनेला देत आणि वस्तूंना गुंडाळलेली विलायती मासिकांची पानं स्वतः ठेवत. ती पाहून जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर झगे काढत. कंबर मूठभर, खाली छत्रीएवढा घेर.

"हा घालून एस्टीत चढायचं कसं?" मी एकदा विचारलं.

"एस्टीची दारं रुंद करा की, मेल्यांनो!"

पुढे वाचनालयानं एका खोलीत संग्रहालय थाटलं. मी चिटणीस. अध्यक्ष वकीलसाहेबांनी घरातली तलवार दिली. गंजून ती म्यानातून निघत नव्हती, पण खालची त्यांच्या नावाची पाटी तलवारीहून लांब होती. उद्घाटनाच्या सकाळी मावशी एक झगा चौकटीत बसवून घेऊन आल्या.

"चित्र सुरेख आहे," साहेब म्हणाले. "खाली 'एक भगिनी' असं लिहू. तुमचं नाव घातलं तर... विधवा बाईनं असले झगे काढावेत, लोक काय म्हणतील?"

"तलवारीखालचं तुमचं नाव काढा, मग माझं गाळा. तोवर मी इथंच बसते. आणि साहेब, कोटाचा खांदा पडलाय तुमचा."

त्या खरंच तलवारीखाली मांडी घालून बसल्या. चारला कलेक्टर यायचे होते. त्यांनी मावशींनाही संग्रहातली वस्तू समजलं असतं. साडेतीनला पाटी लागली: 'द्वारकाबाई'.

इतकी वर्षं आम्ही झगेच पाहत होतो. गर्दी ओसरल्यावर मावशी चित्रापाशी गेल्या, तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. घेर चार रेघांत उरकलेला होता. चित्रातल्या बाईचे केस मात्र एकेक करून काढलेले होते. मावशींनी काचेवरून बोट फिरवत तिच्या कानावरची बट मागे सारली.

पुढच्या खेपेला न्हावी आला, तेव्हा मी आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्याच्या अलीकडे माझ्या परसात होतो.

"आज नको रे, गणू," मावशी म्हणाल्या. "यापुढेही नको. बस, चहा घेऊन जा."