खर्जोजी सरदाराच्या बडतर्फीची हकीकत

श्रीनाद समर्थ. वाऱ्यावरची वाणी जो झेलितो आणि दुसऱ्या तीरी उतरवितो, त्यास नमन करून हकीकत लिहितो ऐसीजे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, कार्तिक मासी, गच्चीवरील एका एरियलच्या तारेखाली वसलेल्या नामरहित राज्यात श्रीमंत अच्युतराव हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाच्या, गादीवर नांदत होते. राज्य ते केवढे, तर एक मेज, एक खुर्ची आणि एक रिसीव्हर. परंतु दिवा लागून खरखर सुरू जाहली की समुद्र उंबऱ्याशी येई, आणि दूरच्या मुलखांतील माणसे झोपेत बरळावी तैसी बोलत, आणि राव डोळे मिटून त्या आवाजांत तरंगत राहत.

दर आदितवारी तिसरे प्रहरी दूरच्या एका बेटावरून रावांचे जिवलग स्नेही जठार सरकार हवेवर येत. दोघांनी परवान्याची परीक्षा एकाच बाकावर दिली होती. जठारांचा आवाज रांजणात तोंड घालून बोलावे तैसा घुमे. परंतु यंदा त्यांच्या घशावर शस्त्रक्रिया जाहली आणि पावसाळाभर हवा मुकी राहिली, आणि मग एके आदितवारी खरखरीतून नुसती कुजबुज आली. जुना आवाज परत आणीनच, ऐसी ईर्षा धरून रावांनी इक्वलायझर नामे पेटीस हात घातला. तीत सरदार तीन: जाड स्वरांचा खर्जोजी, मधल्यांचा मधाजी आणि बारीक स्वरांचा तारोजी. रावांनी खर्जोजीची दांडी पार वर चढविली, आणि खरखर माजवितो म्हणून तारोजीस तळघरात कोंडिले. मग घुमघुम बहुत जाहली, परंतु शब्द लागेना.

आता या रेडिओच्या मंडळीत रिवाज ऐसा की भेट होताच समोरच्याचा आवाज किती स्पष्ट आणि किती जोराचा, हे दोन अंकांत सांगावे. पाच-नऊ म्हणजे अव्वल. राव मायेपोटी साफ खोटे बोलले, "पाच-नऊ, जठार! अगदी पूर्वीसारखा!" जठार हर्षले आणि म्हणाले, "घरी सून आली रे." परंतु स हे अक्षर तारोजीच्या मुलखातले, धनी कोठडीत, तर रयत कोठून यावी? रावांस ऐकू आले ऊन. राव उत्तरले, "इकडेही कडक ऊन आहे. टोपीशिवाय हिंडू नकोस." पलीकडून बोल आले, "राहू दे, अच्युत. पुढल्या वेळीही कळलं नाही, तर तार उतरवून ठेवतो." यात स एकही नव्हता, म्हणोन रावांस नेमके कळले.

मग रावांचे अन्नपाण्यावरील चित्त उडाले आणि आठवडाभर ते पेटीशी झटत बसले. तेव्हां राणीसाहेब इंदुबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, काय चाललंय हे?"

"त्याचा आवाज आणतोय."

"त्यांचा, का तुमच्या आठवणीतला? तो गेला हो. जो आलाय, त्याला तरी आत घ्या."

राव बहुत कष्टी जाहले, डोळे भरून आले, आणि चहा गार जाहला. मग आदितवारी त्यांनी खर्जोजीस बडतर्फ करून घरी बसविले, मधाजीस थोडकी बढती दिली, आणि तारोजीच्या बेड्या तोडिल्या. त्याजबरोबर खरखरीचा लोंढाच आला, आणि त्या लोंढ्यात पातळ, फाटकी, परंतु अक्षर न् अक्षर सुटे ऐसी कुजबुज आली, "सून म्हटलं होतं मी. सून! आता तरी येतंय का ऐकू?"

राव म्हणाले, "तीन-पाच, जठार. खरखर फार आहे. आवाज पूर्वीचा नाही. पण सून कळली. नाव काय तिचं?"

पलीकडे हसू फुटले, आणि तेही कुजबुजतच. "लेका, जन्मभर माझ्याशी तीन-पाच करत आलास, आज मात्र ती गोड लागली. इथं जो तो म्हणतो, आवाज पूर्वीसारखाच. मला ऐकू येत नाही का माझा? आज खरं तू एकटाच बोललास. तिचं नाव सुरेखा."

नावात स एकच होता. राव तो दोनदा ऐकते जाहले. तार उतरली नाही.

एवंच, खर्जोजी अद्याप घरी बसून आहे, राज्यात खरखर उदंड आहे, बेटावर सून नांदते, गच्चीवर ऊन नांदते, आणि दोहोंतील भेद श्रीमंतांस स्वच्छ कळतो.