फाटकाला हात लावायचा नाही!

कुंपण घालणं शिकावं लागतं, असं सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे! खांब ओळंब्यात उभा करायचा, खड्ड्यात काँक्रीट ठासायचं, जाळी ताणायची, फाटक टांगायचं, हे सगळं मी प्रशिक्षण केंद्रात रीतसर शिकलो आहे. लेखी परीक्षेत तर पहिला आलो! त्याआधी मी बरेच उद्योग करून पाहिले आणि प्रत्येक उद्योगानं मला घरी पाठवलं. त्यामुळे एक ठेकेदार जेव्हा म्हणाला, "प्रात्यक्षिक पास हो आणि सोमवारपासून कामाला ये," तेव्हा बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं.

प्रात्यक्षिक म्हणजे खरंखुरं कुंपण. पण नवशिक्याच्या हाती आपलं परस कोण देणार? सासूबाईंनी दिलं! देव त्यांचं भलं करो. त्यांच्या परसात गुलाब होते आणि शेजाऱ्यांच्या शेळीचा त्या गुलाबांवर डोळा होता.

"जावईबापू, ही बया आत येता कामा नये, एवढंच बघा."

"आई, मुंगीसुद्धा विचारून आत येईल!"

आणि कुंपण झालंही तसंच. खांब सरळसोट, जाळी अशी ताणलेली की टिचकी मारली तर वाजावी. शेवटी आत उघडणारं फाटक टांगलं. वाऱ्यानं ते बाहेर झुलू नये म्हणून बाहेरून एक लोखंडी अडणीही ठोकली.

"उघडून दाखवा ना," सासूबाई म्हणाल्या.

"अजिबात नाही! सिमेंट ओलं आहे तोवर फाटकाला हात लावायचा नाही. नियम आहे!"

नियम खराच आहे. मी तो जरा जास्तच पाळला. सिमेंट सुकून दगड झालं तरी मी कोणाला हात लावू दिला नाही. बायको एकदा कडीकडे वळली, तर मी असा ओरडलो की तिच्या हातातली बादली पडली.

परीक्षक आले. भारदस्त गृहस्थ, चेहऱ्यावर हसू नाही. घरातून मागच्या दारानं ते परसात आले. त्यांच्या मागून सासूबाई आल्या. आणि सासूबाईंच्या मागून, उघड्या राहिलेल्या पुढच्या दारातून, अख्खं घर ओलांडून, शेळी आली! येताना तिनं मागच्या दाराला असा धक्का दिला की ते धाडकन लागलं. ते दार लागलं की आपोआप कुलूपबंद होतं. किल्ली आत खुंटीवर आणि बायको कामावर.

"हरकत नाही," मी म्हणालो. "आपलं फाटक आहे!"

कडी काढली, फाटक ओढलं. ते वीतभर आलं आणि जमिनीत रुतलं. परसात आतल्या बाजूला चढ होता! बाहेर ढकलावं तर अडणी. ती मात्र फारच पक्की बसली होती.

"चढाकडे फाटक उघडायचं नाही, हे शिकवलं होतं ना?" परीक्षकांनी विचारलं.

"हो सर. लेखीत लिहिलं होतं मी. पूर्ण मार्क मिळाले!"

ते बिजागरी बघायला वाकले. शेळीला ते दृश्य फार आवडलं असावं. तिनं पळत येऊन अशी धडक दिली की साहेब थेट कोपऱ्यातल्या खांबावर! शेळी दुसऱ्या धडकेसाठी मागे सरली. माझी नोकरी गेली, हे मला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात सासूबाईंनी आपला सगळ्यांत मोठा गुलाब तोडला आणि शेळीपुढे धरला.

"ये गं बये, इकडे ये. अहो जावईबापू, बघताय काय? खणा!"

मी फावडं घेतलं आणि फाटकाखालची माती उपसू लागलो. तिकडे सासूबाई एकेक फूल तोडून शेळीला भरवत होत्या. इतकी वर्षं जिच्यापासून जपले, तिलाच! तेही माझ्यासाठी. मला फावडं धड दिसेना. फाटक उघडलं तेव्हा परसात एकही फूल उरलं नव्हतं.

परीक्षक खांदा चोळत म्हणाले, "फाटक नापास."

मी फावडं खाली ठेवलं.

"पण मी एवढ्या जोरानं आदळलो आणि खांब तसूभर हलला नाही. कुंपण पास! फाटक बाहेर उघडणारं करा, मी येऊन बघून जाईन."

मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून हलवतच राहिलो. तो दुखऱ्या खांद्याचा होता, हे नंतर कळलं.

"कुंपण झकास झालं हो," सासूबाई हसत म्हणाल्या. "फक्त आत राखायला काही उरलं नाही!"

त्यांचे आभार कसे मानायचे ते मला तेव्हा सुचलं नाही. मग सुचलं. पहिल्या कामावरून परतताना मी दोन्ही हातांत मावतील तेवढी गुलाबाची रोपं घेतली आणि सरळ त्यांच्या फाटकाशी गेलो. फाटक आता बाहेर उघडतं. पुन्हा कोणी आत अडकू नये म्हणून कडीही मी नवीन बसवली आहे. फक्त आतल्या बाजूनं!

"आई! जरा फाटक उघडता का?"

"कोण आहे?"

"मी, कुंपणवाला!"

"पास झालेला ना? थांबा, आले!"

मी थांबलो. माझ्या पाठीशी कोणीतरी रोपं हुंगत होतं.

"आई! लवकर!"